तिची मिश्री, माझी सिगारेट

पुण्याची गाडी बीडच्या स्टँडात लागली तेव्हा आई खांबाला टेकून मिश्री लावत बसली होती. तंबाखू भाजून केलेली काळी पूड, बोटानं दातांवर घासत. शेजारी माझ्यासारखीच शिकायला निघालेली एक मुलगी उभी होती, तिचे वडील तिची बॅग चढवत होते. मला आईची लाज वाटली. "चूळ भर ना आता," मी चिडून म्हणाले. तिनं निमूट भरली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

गावाकडच्या मैत्रिणींनो, तुम्ही विचारता, पुण्यात असतं तरी काय? विद्यापीठाच्या मागच्या गेटला चहाची टपरी असते. कोणते सर कोणाला प्रोजेक्टवर घेणार, इंटर्नशिपचा फॉर्म कधी निघणार, हे वर्गात कळत नाही, तिथं कळतं. पहिले काही महिने मी नुसती 'बीडवाली' होते. "लई" म्हटलं की वर्गातले सगळे हसायचे. चहा संपला की माझ्याकडं थांबायला कारण उरायचं नाही. त्यांच्या सिगारेटी चालूच असायच्या. एक दिवस मीच म्हणाले, दे एक. जबरदस्ती कोणी केली नाही, उगाच कोणाच्या नावानं खडे कशाला फोडू? ठसका लागला, पण त्या दिवसापासून मला नावानं हाका मारायला लागले. मुलं ओढतात तेव्हा वॉचमन त्यांच्याकडं काडेपेटी मागतो. आम्ही मुलींनी ओढली की टक लावून बघतो. त्याचा राग येतो, आणि त्या रागात आणखी एक पेटते.

दिवाळीला गावी, लिंबागणेशला आले. आई-बाबा ऊसतोडीला निघायच्या तयारीत, चारच दिवस हाताशी. आणि मला घरात तासभर बसवेना. आई बोलायची, माझं लक्ष दाराकडं. गणपतीच्या मंदिरात जाऊन येते म्हणून दिवसातून तीनदा निघायचे. गणपतीलाही माझ्या भक्तीचं नवल वाटलं असेल. तिसऱ्या दिवशी आईनं माझी ओढणी धुवायला घेतली, नाकाशी नेली आणि तशीच बादलीत टाकली.

आता बाबांना सांगेल, शिक्षण बंद, लग्न, असं सगळं माझ्या डोक्यात फिरून गेलं. ती हात पुसून माझ्याशेजारी येऊन बसली.

"पयल्या साली फडात गेलते तवा मी मिश्री धरली," ती म्हणाली. "ऊस तोडताना भाकर खायला टाईम न्हाई. मिश्रीनं भूक मरती. तुला तिकडं पोटभर मिळत न्हाई का गं माय?"

"मिळतं," मी म्हणाले. "मेस आहे, दोन वेळचं गरम असतं."

"मग कावून?"

मी उठून बादलीतली ओढणी घासायला घेतली. तिनं परत विचारलं नाही.

आता ते दोघं कारखान्यावर आहेत आणि मी इथं. टपरीवर अजून जाते. कधी ओढते, कधी नुसती हात चोळत उभी राहते. पाय एका जागी ठरत नाहीत. आई फोनवर रोज जेवलीस का विचारते. घर म्हणाल तर घराला कुलूप आहे. घरी जायचं म्हणजे आता मला तिच्यासमोर बसून एवढंच सांगायचंय, की आई, मला तिथं एकटं उभं राहायची भीती वाटायची. फोनवर ते तोंडातून निघत नाही.