न लागलेला ठसका

नांदेडच्या घरी गॅलरीतल्या कुंडीत मिरची लाल झाली. आज फोडणीत टाकली, अन् जोराचा ठसका लागला.

भोकरला माय पत्र्याच्या डब्यात अशीच जहाल मिरची लावायची. धाकट्या बहिणीचा, सुमीचा, ताप उतरेना, तेव्हा मायनं झाडावरच वाळलेल्या मिरच्या तिच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही, तर दृष्ट होती अन् ती जळाली, असं आमच्याकडं मानतात.

खोलीभर धूर कोंडला. मायच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"बघ सुमे, ठसका हाय का? न्हाई! लई दृष्ट लागली व्हती."

सुमीनं ओठ घट्ट मिटून मान हलवली. मीही श्वास धरून बसलो. खोकलं कुणीच नाही.

सुमी त्याच आठवड्यात गेली. पुढं मायही गेली. आज गॅसजवळ उभा राहून मी एकटाच पोटभर खोकलो.