एका बाटलीत दोघं

आमच्या कामात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. बारामती-इंदापूरच्या गावांतून लोकांची सकाळची पहिली लघवी गोळा करणं, हे माझं काम. उजाडायच्या सुमारास दुसऱ्याच्या दारात उभं राहून "बाटली भरली का?" असं विचारणाऱ्या बाईला काय काय ऐकावं लागतं! घरी जेवताना ते सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आमची टीम छोटी. किडनीच्या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडम, गाडी चालवणारे पोपटराव आणि बर्फाच्या पेटीसकट मी.

*

पहिली मीटिंग वडगाव निंबाळकरला. मॅडम समजावत होत्या, "पेशींमध्ये शक्ती तयार करणारे बारीक कण असतात. त्यांना मायटोकाँड्रिया म्हणतात. किडनीला रात्रंदिवस काम, म्हणून तिथं ते फार. ते खराब झाले की त्यांचे तुकडे लघवीत उतरतात."

मागून पोपटराव म्हणाले, "विहिरीवरची मोटर जळायच्या आधी वास येतो ना? तसं! तो वास बाटलीत शोधायचा!"

भराभर माना हलल्या. पुढं बसलेल्या एका आबांनी विचारलं, "मंग रिवाइंडिंग कुठं करून मिळतं?"

मॅडम म्हणाल्या, "ते अजून जमत नाही, आबा. सध्या वास ओळखायलाच शिकतोय आम्ही. यावरून औषधसुद्धा ठरत नाही अजून."

"पर जळायच्या आधी कळंल, व्हय?"

"तीच तर खटपट आहे."

"मंग द्या हिकडं बाटली!"

*

आमची बाटली अंगठ्याएवढी. एका घरात सूनबाईंनी स्टीलची किटलीच पुढं केली. काठोकाठ!

"अगं बाई, एवढी कशाला?"

"डेअरीत दूध कमी घातलं की सचिव तोंड वाकडं करतो, ताई. म्हणलं, तुमाला तरी कमी नको!"

डेअरी आमच्या लोकांच्या इतकी अंगात मुरलेली, की रिपोर्ट आल्यावरही "फॅट किती लागली?" असंच विचारतात. एका गावात दोन शेजारी आपापला आकडा ताडून बघत होते. ज्याचा मोठा निघाला, त्यानं खुशीत सगळ्यांना चहा सांगितला. मोठा आकडा चांगला नसतो, हे मला त्याला बाजूला घेऊन सांगावं लागलं.

*

वरकुट्याला मॅडमनी सांगितलं, की हे कण आपल्याला आईकडूनच येतात, बापाकडून नाही. त्यामुळं त्यांच्यावर आईची खूण असते.

एक आजी शेजारी बसलेल्या लेकाकडं वळल्या. "आयकलं का रं? जल्मभर म्हनतोस, मी बापावर गेलोय. इंजन माझं हाय!"

लेक म्हणाला, "मंग बिघडलं तर गॅरंटी कुनाची, आये?"

"वापरनाराची!"

*

कळसचे नामदेवतात्या. किडनी आधीच दुखावलेली, आणि गुडघ्यासाठी दुकानातल्या पेनकिलर रोज चालू. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "तात्या, या गोळ्या थांबवल्या नाहीत तर डायलिसिसची वेळ येईल."

तात्यांनी शेजारी बसलेल्या हिरामावशींच्या डोक्यावर हात ठेवला. "हिची शपथ! आजपासनं बंद!"

मावशींनी हात झटकला. "माझं डोकं कशाला? सवताचं न्हाय व्हय?"

सगळे हसले. तात्या सगळ्यांत मोठ्यानं हसले.

*

त्यानंतर मात्र भलतंच व्हायला लागलं. दर फेरीला आम्ही बाटलीबरोबर तात्यांचं रक्तही न्यायचो. रक्ताचा रिपोर्ट दर वेळी आणखी बिघडायचा आणि लघवीचा सुधारायचा! मॅडमना काही उलगडा होईना. शेवटी लॅबमधून फोन आला, "या बाटलीत दोन आयांची खूण दिसतेय."

"म्हणजे?"

"म्हणजे बाटलीत दोन माणसं आहेत, मॅडम!"

आम्ही थेट कळस गाठलं. दोघंही पडवीत बसले होते. मी हळूच विचारलं, "मावशी, बाटलीत कुणी काही मिसळलं का?"

मावशींनी लपवलं नाही. "गाईचं दूध फॅटला बसंना झालं, की आमी म्हशीचं घालतोच की त्यात. म्हणलं, ह्यांचं नापास झालं तर त्या डायलिसिसच्या मशिनीवर घालतील. ह्यांचा थोरला भाऊ मशिनीवर गेला, त्यो माघारी आलाच न्हाय. म्हणून निम्मं ह्यांचं, निम्मं माझं."

तात्या तोंड उघडं टाकून बायकोकडं बघत राहिले. त्यांना याचा पत्ताच नव्हता.

मॅडमनी मावशींचा हात हातात घेतला. "मावशी, असं मिसळून नाही चालत हो. दुखणं झाकलं जातं."

मावशी म्हणाल्या,

"बाटलीत चालत न्हाय ना? मंग अंगात मिसळा. मला दोन किडन्या हायती. एक काढून ह्यांना घाला."

पोपटराव उगीच गाडीकडं निघून गेले.

तात्यांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला. अर्धवट संपलेलं गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्या बर्फाच्या पेटीवर ठेवलं.

"आधी हे जमा करा, ताई. तिचं मागनं बघू."