पन्नासची लेन्स आणि भिंतीकडची जागा

लग्नात फोटोग्राफरचं निम्मं काम फोटो काढायचं असतं आणि निम्मं माणसं सरकवायचं. मामा सरका, मावशी थोडं मागे, अहो काका तुमचा मोबाईल फ्रेममध्ये येतोय. माझा आवाज मोठा आहे आणि तोंड त्याहून, त्यामुळे माणसं सरकतात. सरकला नाही असा एकच माणूस मला भेटला. ठाण्यात माजिवड्याच्या मागे टॉवरांच्या मधे एक जुनं गावठाण उरलंय, तिथल्या एका तीन मजली बंगल्याचा तो मालक होता. त्याच्या बापजाद्यांनी शेती केली, मिठागरात मीठ ओढलं. त्याने जमिनी विकल्या, त्याही अशा की बिल्डर हात जोडायचे. गावात सगळे त्याला शेठ म्हणत. मीही म्हणायचो.

त्याच्या थोरल्या मुलाच्या लग्नाचं काम मला मिळालं, तेव्हा मला वाटलं आपलं नशीब उघडलं. खोपटला एसटी डेपोसमोर पासपोर्ट फोटो काढून मी धंदा उभा केलाय. ना बापाचं दुकान, ना मामाची ओळख. त्या गावठाणात रीत अशी, की या घराने ज्याला बोलावलं त्यालाच सगळी भावकी बोलावते. एक घर धरलं की वीस वर्षांची लग्नं, बारशी, साखरपुडे धरले.

हळदीच्या दिवशी दुपारी आतल्या देवघरात धवलारीण बसली. धवलारीण म्हणजे लग्नाचे धवले गाणारी म्हातारी. भटजीच्या आधी तिचा मान. ती देवांना बोलावते आणि मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाला नातं सांगून, हळदीला या म्हणून. या घराची आणखी एक रीत होती. समई लागली आणि बोलावणं सुरू झालं की दुसरा उजेड करायचा नाही. ट्यूबलाईट बंद, पडदे बंद, मोबाईलसुद्धा बाहेर. मला हे कुणी सांगितलं नाही. मी दारात पोचलो, अंधार बघितला, आणि सवयीने फ्लॅश मारला.

गाणं थांबलं. शेठ वळला. मी घाईत दुसरा मारला, तो थेट त्याच्या तोंडावर.

"भायेर हो," तो म्हणाला.

"शेठ, चुकून झालं. आता नाही मारत."

"भायेर हो बोल्लो ना? माजे बापाला अर्ध्या वाटेतना परत पाठवलास तू."

दोनशे माणसांच्या मांडवातून मला बाहेर काढलं. मीही गप्प बसणारा नाही, मांडवात उभा राहून जे बोलायचं ते बोललो. त्याचा फायदा घेतला माझ्या भागीदाराने. माझ्या हाताखाली शिकलेला हा माणूस. त्याने महिन्याभरात डोंबिवलीला वेगळं दुकान टाकलं आणि गावभर सांगत फिरला, "देव उठवणारा फोटोग्राफर पाहिजे असेल तर खोपटला जा." भावकीतली पुढची लग्नं त्याने नेली. माझी चूक काय, तर मला कुणी सांगितलं नव्हतं. शेठने कधीतरी बोलावून एक शब्द बोलावा एवढीच माझी अपेक्षा होती. तो बोलला नाही. पुढच्या वर्षी तो गेला.

नंतर एक दिवस त्याच्या मुलाचा फोन आला. धाकट्या बहिणीचं लग्न होतं, घरात तिला सगळे ताईच म्हणत.

"तुम्हीच या. ताई बोलतेय."

"का? डोंबिवलीवाला मेला का?"

"आहे तो. पण ताईला तुम्ही पाहिजे. आणि दादा, या वेळेला फ्लॅश नको हां. धवलारीण बोलली, परत तसं झालं तर आमच्या गावात तुमचं नाव कायमचं बंद."

म्हणजे शेवटची संधी होती, आणि तीही अंधारात.

जागा बघायला मी सकाळीच गेलो. हॉलमध्ये शिरलो आणि थांबलो. समोरच्या भिंतीवर हार घातलेला शेठचा फोटो होता. मीच काढलेला. दुसऱ्या फ्लॅशमधला, हिशोब मिटवताना मी देऊन टाकलेल्या फोटोंतला. बाकीची माणसं कापून काढलेली, मागे निळा रंग भरलेला, आणि शेठ डोळे वटारून सरळ माझ्याकडे बघतोय. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. माणूस गेला की घरच्यांना कळतं, एकट्याचा सरळ बघणारा फोटोच नाही. मग लग्नाच्या फोटोतून चेहरा कापतात. पण मी काढलेल्या चेहऱ्याने मला असं कधी बघितलं नव्हतं.

"दुसरा नव्हता का?" मी विचारलं.

"बाकी सगळ्यात पप्पा कुणाला तरी ओरडतायत," मुलगा म्हणाला. "यात निदान तोंड बंद आहे."

देवघर म्हणजे बिनखिडकीची मार्बल लावलेली खोली. एका टोकाला देव्हारा, समोर मोकळी भिंत. मी माझा जुना झूम पन्नासवर ठेवला आणि त्या मोकळ्या भिंतीला पाठ लावली. देव्हारा, समई, नवरी बसेल ती जागा, धवलारीण बसेल ती जागा, सगळं जेमतेम बसलं. चला, जमलं. झूममध्ये उजेड कमी येतो, समईवर फोटो काढायचा तर त्यात वाळू पसरल्यासारखे दाणे येणार. म्हणजे मोठ्या तोंडाची, झूम न होणारी पन्नासची प्राईम लेन्स घ्यायची. मुलगा दारात उभा राहून माझं मोजमाप बघत होता. मी खोलीचा फोटो काढतोय असंच त्याला वाटलं असणार.

ठाणे स्टेशनजवळ जुन्या-नव्या लेन्स विकणारा एक दुकानदार आहे. त्याच्याकडे दोन होत्या. एक पस्तीसची, वन पॉइंट एट, नवी कोरी. दुसरी पन्नासची, वन पॉइंट फोर, म्हणजे आणखी मोठ्या तोंडाची, पण वापरलेली.

"खोली केवढी आहे, साहेब?" त्याने विचारलं.

"खोलीशी तुला काय करायचंय? लेन्स दाखव."

"तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा. पन्नास लावली की सगळं जवळ ओढून दाखवणार. लहान खोलीत पस्तीस घ्या. नायतर मागे जायला भिंत फोडावी लागेल."

"नव्यात तुझा फायदा जास्त, म्हणून माझी भिंत फोडायला निघालास."

"बरं, फायदा माझा. पण मधे कुणी उभं राहिलं तर?"

"त्याला मी सरकवतो. तू भाव बोल."

तासभर घासाघीस केली. दोनदा पायरी उतरलो, दोनदा त्याने हाक मारली. पन्नास लावून त्याच्या मागच्या अंधाऱ्या गोदामात गेलो आणि पूर्ण उघडून त्याचाच फोटो काढला. एक डोळा सुईच्या टोकासारखा स्पष्ट, दुसरा डोळा विरघळायला लागलेला, कान तर नाहीतच. मागची खोकी, कपाट, दार, सगळं धुक्यात गेलेलं. उजेडापेक्षा मला तेच आवडलं. जेवढं मी ठरवीन तेवढंच जगात राहील. माझ्या भावात पन्नास घेऊन मी बाहेर पडलो. मागून तो म्हणाला, "शिव्या पण फुकट घेऊन जा, साहेब."

हळदीच्या दिवशी बाहेर कडक ऊन होतं, रस्त्यावर डीजेवाले स्पीकर बांधत होते. देवघरात बायका दाटीने बसल्या होत्या. मी आत गेलो आणि माझी मोकळी भिंत मोकळी नव्हती. तिच्या कडेने ओळीने पाट मांडले होते. प्रत्येकावर तांदळाचा ढीग, पान, सुपारी. बाकीच्या घरांत गेलेल्यांचे पाट देव्हाऱ्याजवळ मांडलेले मी बघितलेत. इथे ते समोर, भिंतीला. लग्न त्यांनी समोरून बघायचं.

ही गोष्ट या गावात शेंबड्या पोरालाही माहीत, म्हणून मला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि मागच्या वेळी हे बघायच्या आत मला बाहेर काढलेलं.

ट्यूबलाईट बंद झाली. डीजेचा आवाजही कुणीतरी बंद करायला लावला. समई लागली. धवलारणीने सूर लावला. मी पाटांच्या पुढे उभा राहून बघितलं, तर लेन्समध्ये नवरीचा एक गाल आणि समईचा दांडा. मागे जायला जागा नाही. झूम लावावा तर दाणे. म्हणजे त्या डोंबिवलीवाल्याचंच खरं ठरणार, अंधारात याला काही येत नाही.

शेवटच्या दोन पाटांच्या मधे एक फट होती. मी चपळाईने त्यात शिरलो आणि भिंतीला टेकलो. सगळं बसलं. धवलारीण देव संपवून माणसांकडे आली होती. पणजोबाला बोलावलं, आज्याला बोलावलं. मी लेन्स पूर्ण उघडली, श्वास धरला, बटण दाबलं. नेमका त्याच वेळी डाव्या कोपराला धक्का लागला. कडक इस्त्री केलेल्या बाहीचा खरखरीत स्पर्श. कुणीतरी अगदी चिकटून उभं होतं. माझा पहिला फोटो हलला.

माझं डोकं गरम व्हायला वेळ लागत नाही. डोळा कॅमेऱ्यातून न काढता मी म्हणालो, "सरका जरा. हात हलतोय माझा."

बाही दूर झाली.

"हां, बस," मी म्हणालो आणि दुसरा काढला.

गाणं थांबलं होतं. मला वाटलं, संपलं, या वेळीही बाहेर.

"कुनाला सरकवलास रं?" धवलारीण म्हणाली.

"हे काका, इथे..." मी डावीकडे बघितलं. डावीकडे भिंत होती. खाली पाट. त्यावर तांदूळ, पान, आणि घडी करून ठेवलेला एक पांढरा शर्ट. तो होता जमिनीवर, माझ्या कोपराच्या कितीतरी खाली. ती बाजू कोपऱ्याची. तिथे माणसाला यायला वाट नव्हती.

मग नवरीची आई, म्हणजे शेठची बायको, हळूच म्हणाली, "सरकले?"

भाव करताना मी वाटेल ते खोटं बोलतो, त्याचं मला काही वाटत नाही. पण इथे माझ्याकडे सांगायला खरंच होतं.

"सरकले," मी म्हणालो.

तिने पदर तोंडावर धरला. रडते की हसते ते मला त्या उजेडात कळलं नाही. "अख्ख्या जन्मात माज्यासाठी सरकला नाय," ती म्हणाली. "एका बाजंवर तीस वरसं काढली."

एकदोन बायका खुदकन हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

मी फटीतून बाहेर पडायला पाय उचलला. "हालू नको," धवलारीण म्हणाली. "तो आयलाय. तू भायेर परलास तर तोपन उठंल."

मग तिने पुढचं नातं घेतलं, नवरीचा बाप. त्याला बोलावायची गरज नसल्यासारखी ती ते फार हळू म्हणाली. गाणं संपेपर्यंत मी तिथेच उभा होतो. डावं कोपर अंगाला घट्ट धरून फोटो काढत राहिलो. भिंत पाठीला गार लागत होती. डावीकडून लागत होतं ते गार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर पूर्ण वर करून, रस्त्याचा उजेड आत घेऊन मी ते फोटो कॉम्प्युटरवर उघडले. असे फोटो मी आयुष्यात काढले नव्हते. समईचा पिवळा उजेड, ओल्या हळदीसारखे चेहरे, मागे देव्हाऱ्याचं नुसतं धुकं. आणि प्रत्येक फोटोत प्रत्येक बाईची नजर लेन्सच्या किंचित डावीकडे. एकच जागा, माणसाच्या डोक्याच्या उंचीची. यात नवल नव्हतं. मी सरका म्हणालो, सगळ्यांनी ऐकलं, सगळे तिकडे बघत राहिले.

पण तो पहिला फोटो होता. हललेला, मी सरका म्हणण्याच्या आधीचा. त्यात बायका समईकडे बघतायत, धवलारणीचे डोळे मिटलेले. फक्त नवरी डावीकडे बघतेय. बघतेय आणि हसतेय, घरी उशिरा आलेल्या माणसाकडे बघून हसतात तशी.

अल्बम द्यायला गेलो तेव्हा ती माहेरी आली होती. तिने अल्बमची पानं मागेपुढे उलटली, तो पहिला फोटोच शोधत असणार. हललेले फोटो मी देत नाही, त्यामुळे तो नव्हता. तिने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. कुणाशीही भाव करायला मी घाबरत नाही, पण तो प्रश्न मला तोंडातून काढता आला नाही.

हॉलमधल्या फोटोबद्दल मात्र बोललो. म्हणालो, डोळे जरा शांत करून देतो, कॉम्प्युटरवर होतं. शेठची बायको म्हणाली, "नको. हाय तो तसाच ऱ्हाऊंदे. आमाला वलख पटली पायजे."

भावकी परत माझ्याकडे आली. डोंबिवलीवाला आता म्हणतो की मी पैसे देऊन ते नाटक करवलं. म्हणू दे. मधे मी पस्तीसची लेन्सही घेतली, त्याच दुकानातून, आणि दुकानदाराने एका पैशानेही भाव उतरवला नाही. ती लावून पुढच्या हळदीला, शेठच्या पुतण्याच्या, मी पाटांच्या पुढे उभा राहिलो. त्या घराच्या हळदी सगळ्या याच देवघरात लागतात. धवलारीण सूरच लावेना. "तुजी जागा तिकरं," ती म्हणाली. शेवटच्या दोन पाटांमधे आता मुद्दाम फट ठेवतात. तेव्हा परत पन्नास, परत भिंत.

शेठने माझ्याशी एक शब्द बोलावा म्हणून मी इतकी वर्षं डोक्यात राग धरून होतो. तो शब्द मिळाला नाही. त्याऐवजी त्याने वीतभर जागा दिली, आणि त्याबद्दल भांडायला मला कुणी उरलं नाही.

गेल्या हळदीला समई लागली आणि मी फटीत शिरलो. डावीकडे बघितलं नाही. बाहीचा तो खरखरीत स्पर्श कोपराला लागला, या वेळी आधीपासूनच तिथे असल्यासारखा. सरका म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मीच उजवीकडे सरकलो. फ्रेमची कड थोडी कापली गेली, एका मावशीचा खांदा गेला. मावशीने अल्बम बघताना तक्रार केली. मी तिला म्हणालो, जागा नव्हती.