ढोकरीच्या पायातलं सूत

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला रोज थोडं चालायला सांगितलं होतं. मी नर्स; दवाखान्यात माझी दुपारची ड्युटी असली की सकाळी मी तिला शेलारजवळ कामवारी नदीच्या काठाने फिरवून आणायची. पाण्याला रंगाचा वास, त्यावर जलपर्णीचा जाड थर. मी नाकाला ओढणी लावून चालायची. आई मात्र दर चार पावलांवर थांबायची. "ह्यो माका. तेलात घालायचा, केस काळं ऱ्हातात." तिचं माहेर जवळच्याच वळ गावचं. तिथे गोदामं नव्हती तेव्हापासून तिला हे सगळं ठाऊक.

थंडीतल्या एका सकाळी उंबराच्या खालच्या फांदीवर काहीतरी फडफडलं. मला वाटलं, चिंधी असेल.

"ढोकरी हाय ती," आई म्हणाली. "पाय आडकलाय बघ."

बगळ्यासारखा तो मातकट पक्षी उलटा लोंबकळत होता. कापडाच्या लूमवरून फेकून दिलेल्या सुताचा गुंता त्याच्या पायांभोवती पडला होता. मी फांदी वाकवली आणि सूत ओढलं. ते आणखीच आवळलं. ढोकरी कर्कश ओरडली.

"अरे, खींचो मत!"

रात्रीची शिफ्ट संपवून खोलीवर निघालेला एक लूम कामगार मागे उभा होता. चाळिशीचा असेल. केसांत, भुवयांवर सुताचा भुसा. त्याने डबा खाली ठेवला. "पहले सिरा ढूँढना पड़ता है, दीदी."

"चोच डोळ्यात मारील," आई म्हणाली. "तोंड झाक तिचं."

मी ओढणीने ढोकरीचं डोकं झाकलं, तिला दोन्ही हातांत धरलं. ती एकदम गप्प झाली. तळहाताखाली तिचं काळीज धडधडत होतं. तो कामगार टोक शोधत राहिला. मी त्याला माझ्या पर्समधली कात्री काढायला सांगितली, तर म्हणाला, "अभी नहीं. अंदर चमड़ी है." त्याची बोटं एकेक पदर सोडवत गेली, घाई नाही, चिडचिड नाही. शेवटचा धागा मांसात रुतला होता. ढोकरीला आईच्या हातात देऊन तेवढा मी कापला. ढोकरीच्या पायाचं एक बोट काळं पडलं होतं.

जलपर्णीवर सोडल्यावर ती एका पायावर उभी राहिली. उडेना.

"बचेगी?" त्याने विचारलं.

हा प्रश्न मला वॉर्डात रोज कुणीतरी विचारतं आणि 'डॉक्टर सांगतील' हे माझं उत्तर ठरलेलं असतं. त्या दिवशी ते तोंडात आलं नाही. "माहीत नाही," मी मराठीतच म्हणाले. त्याला कळलं.

बऱ्याच वेळाने तिने पंख उघडले आणि पाण्यालगत उडत पलीकडच्या गवतात उतरली. आम्ही तिघं तिकडेच बघत राहिलो. मग तो हातातल्या गुंत्याकडे पाहून म्हणाला, "मैं भी तो यहीं फेंकता हूँ. सब फेंकते हैं."

काठाच्या कचऱ्यात आमच्या घरच्याही पिशव्या असणार.

महिन्याभराने तो पुन्हा भेटला. मुकादमाशी भांडून त्याने आपल्या कारखान्यात टाकाऊ सुतासाठी गोणी ठेवायला लावली होती. बाकीचे हसतात, म्हणाला. शेजारच्या कारखान्यांतलं सूत अजून नदीवरच येतं. आई आता काठी घेऊन एकटीच फिरायला जाते आणि घरी येते तेव्हा तिच्या पिशवीत माक्याबरोबर झुडपांवरून काढलेल्या सुताचे गोळे असतात.