संशय घेण्याची फेलोशिप

संशय घेणं हेच ज्यांचं काम, त्यांच्याकडे किस्से फार साचतात. बाहेर सांगायची सोय नसते, आणि सांगितले तर ऐकणारा आपल्याकडेच वेगळ्या नजरेने बघायला लागतो. तुम्ही घरचेच आहात म्हणून सांगतो. तरी दार लोटून घ्या.

आधी काम सांगतो. हल्ली डीएनए ऑर्डर देऊन बनवून मिळतो, शिंप्याकडून कपडे शिवून मिळतात तसा. कंपनीला अक्षरांची लांबलचक माळ पाठवायची, कुरियरने छोटी कुपी येते. हा मागवलेला तुकडा एखाद्या घातक रोगजंतूचा तर नाही ना आणि मागवणारा खरा संशोधकच आहे ना, हे त्याआधी तपासावं लागतं. ही तपासणी कशी सुधारता येईल, यावर सातपूरच्या एका कंपनीत आम्हा तिघांना वर्षभराची फेलोशिप मिळाली होती. मी, समीर आणि पेठकडची मनीषा गावित. आमच्यावर देवरे मॅडम.

आम्ही रुजू झालो त्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, "वर्षात कधीतरी मी एक खोटी ऑर्डर पाठवणार. जो पकडेल त्याला दुसरं वर्ष." झालं! तेव्हापासून आम्हाला खरं गिऱ्हाईक दिसेनासंच झालं.

दुसरं वर्ष सगळ्यांत जास्त हवं होतं मनीषाला. तिच्या पाड्यावरून एमएस्सी झालेली ती पहिलीच. दुसरं वर्ष मिळालं तर पुढे पीएचडी, नाहीतर परत घरी. तिला इथवर आणलं ते तिच्या कॉलेजच्या सरांनी. फेलोशिपची शिफारसही त्यांचीच. सरांचं नाव निघालं की ही खुर्चीत सरळ बसायची.

*

बाहेरच्या देशांतली नियमावली म्हणते, पत्ता संस्थेचा नसेल तर सावध व्हा. आमच्याकडे पत्ता आला, 'मारुती मंदिरासमोर, पिठाच्या गिरणीच्या वर, पंचवटी'. समीर म्हणाला, हीच ती ऑर्डर, इतका खोटा पत्ता मॅडमनाच सुचेल.

मी स्कूटर काढली आणि गेलो. मारुती होता, गिरणी होती, आणि वर खरोखरच द्राक्षांच्या रोगांवर काम करणारी लॅब होती. तिथल्या बाईंनी सगळं दाखवलं, वर चहाही पाजला. परत येऊन मी हे सांगितलं, तर समीरने शांतपणे विचारलं, "चहा का पाजला?"

*

ही सवय ऑफिसात ठेवून घरी जाता येत नाही. समीर मुलगी बघायला सिन्नरला गेला. पोहे यायच्या आत त्याने मुलीच्या वडिलांना विचारलं, कॉलेज कुठलं, तिथला लँडलाइन नंबर मिळेल का, आणि याआधी कुणी नकार दिला होता का. वडिलांनी मग पोहे आतच ठेवायला सांगितले.

"जावई हवाय आम्हाला, झडती नको," असं ते म्हणाले म्हणे. समीर आम्हाला हे सांगत होता आणि त्याचा चेहरा गंभीर होता. "बघा, एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही त्यांनी!"

*

देवळाली कॅम्पजवळच्या एका गिऱ्हाइकाने मात्र मला घाम फोडला. मी फोनवर विचारलं, काम कशावर चालतं? तो म्हणाला, आधी तुम्ही कोण ते सांगा. मी सांगितलं. मग त्याने माझं ओळखपत्र मागवलं, मॅडमचं नाव विचारलं, कंपनीचं पत्र मागितलं. मी खरा आहे हे त्याला पटवण्यात आठवडा गेला. शेवटी त्याचं समाधान झालं, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी ऑर्डर पुढे पाठवायला घेतली.

मनीषाने विचारलं, "पण त्याने स्वतःचं काय सांगितलं?"

काहीच नाही! ऑर्डर तिने अडवली. मला वाटलं, बिचारा नुसताच संशयी माणूस, आमच्यातलाच.

*

आता शेवटचा. फेलोशिप संपत आली होती आणि मनीषाच्या स्क्रीनवर एक ऑर्डर लाल झाली. मागवणारे तिचे सर. तुकडा असा, की कॉलेजच्या पत्राशिवाय द्यायचाच नाही. पत्ता कॉलेजचा नाही, गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटचा. तिने फोन लावला. सर म्हणाले, कॉलेजात पार्सलं गहाळ होतात. तिने पत्र मागितलं.

"अगं, मी आहे. मला विचारतेस?"

"सर, तुम्ही आहात म्हणूनच फोन केला. नाहीतर प्रकरण थेट मॅडमकडे गेलं असतं."

तुझ्या शिफारशीवर सही कुणाची आहे ते विसरू नकोस, असं म्हणून सरांनी फोन ठेवला. मनीषा रडली, पण ऑर्डर काही सोडली नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी ती आपणहून रद्द केली.

तेव्हा कुठे समीरच्या डोक्यात प्रकाश पडला. हीच मॅडमची ऑर्डर! सरांना हाताशी धरून केलेली. आम्ही खूप हसलो. मनीषाही हसली, आणि बऱ्याच दिवसांनी नीट जेवली. मॅडमना आम्ही काही बोललो नाही. निकाल त्यांच्याच तोंडून ऐकू म्हटलं.

निकालाच्या दिवशी मॅडमनी दुसरं वर्ष मनीषाला दिलं. ती म्हणाली, "पण मॅडम, सरांना मध्ये घ्यायला नको होतं. फार घाबरले मी."

"कुठले सर?" मॅडमनी विचारलं. "ऑर्डर देवळालीची होती. तो माझा भाऊ."

समीरचं हसू जागच्या जागी थांबलं. मी सरांची हकिकत सांगितली. मॅडमनी उठून केबिनचं दार लावलं.

मनीषा म्हणाली, "मी काल सरांना फोन केला होता, मॅडम. म्हटलं, नाटक छान वठवलंत."

"मग?"

"हसले. म्हणाले, ओळखलंस का."