बिडाचं नको, हलकं हवं

समारंभांची थट्टा करणं हा माझा जुना छंद. नाशिकमध्ये त्याला खाद्य कमी पडत नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे, पण स्टाफरूममध्ये माझी ख्याती होती ती वेगळ्याच कारणासाठी. कुठल्याही सत्काराहून परतलो की कोणती शाल कोणाच्या खांद्यावरून निघून कोणाच्या खांद्यावर पोचली, हे मी सांगायचो आणि लोक हातातला चहा सांडेपर्यंत हसायचे. त्यामुळे पुढचं सगळं लिहायला मला बरीच वर्षं लागली.

गाडी वडिलांची होती. पन्नासच्या दशकातली, गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी. लोक तिला डुक्कर म्हणत आणि त्यात अपमान नसे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वडील गेले आणि गाडी माझ्याकडे आली. तिच्याबरोबर तिचा मिस्त्रीही आला. हे गृहस्थ मूळचे नामपूरचे, पण उमेदीची वर्षं सगळी ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून गेलेली. मुदतीआधी निवृत्ती घेऊन त्यांनी आडगाव नाक्याजवळ पत्र्याची शेड टाकली होती. कारखान्यातली एक सवय त्यांनी सोडली नव्हती. तिथे म्हणे कोणताही भाग सहीशिवाय पुढच्या टेबलावर जात नसे. इथेही प्रत्येक गाडीची एक वही असायची. काय काढलं, काय बसवलं, कोणी तपासलं, ते लिहून खाली सही. क्लचची तार बदलली तरी सही. रिक्षावाले वैतागायचे. ‘‘मिस्त्री, आम्हाला रिक्षा चालवायचीय, उडवायची नाय,’’ असं एकजण माझ्यासमोर म्हणाला होता. मिस्त्रींनी त्याचीही सही घेतलीच.

दोन हजार तीन किंवा चार असेल, शहरातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी मंडळ काढलं. अध्यक्ष द्राक्षांतून बांधकामात आलेले. त्यांच्याकडे दोन परदेशी गाड्या होत्या आणि त्या दोन्हींवर चालेल अशी एक चामड्याची टोपी. मी पहिल्या बैठकीला गेलो तो स्टाफरूमसाठी मजकूर मिळेल म्हणून. तिसऱ्या बैठकीपर्यंत मी कार्यकारिणीत होतो. हे कसं झालं ते मला सांगता येणार नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारी गंगापूर रोडच्या मैदानावरून त्र्यंबक रस्त्याने रॅली काढायची आणि परत मैदानात येऊन परीक्षण व्हायचं, असं ठरलं.

त्याच बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, ‘‘सर, तुमच्या गाडीचं काम कोण करतं? रॅली नीट पार पडली की सगळ्यांच्या गाड्या एकाच हाताखाली द्यायचा विचार आहे.’’ मी मिस्त्रींची तोंड भरून स्तुती केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना जाऊन सांगितलं. ते एका टेम्पोच्या खाली होते. सरकत बाहेर आले, तसेच जमिनीवर बसून राहिले. म्हणाले, ‘‘सर, पंधरा जुन्या गाड्या मिळाल्या ना, तर हे टेम्पोखाली झोपणं बंद करीन. पाठ लय दुखते आता.’’ आठवड्याने गेलो तर शेडला आतून चुना लावलेला होता आणि भिंतीवर पंधरा वह्यांसाठी फळी ठोकलेली होती.

आमच्या गाडीचं ब्रेकचं मास्टर सिलिंडर तेव्हा गळत होतं. पेडल दाबल्यावर चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा तो पंप. तो मूळचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जड, काळा, बटाट्यासारखा दिसणारा. मिस्त्रींनी तो सातपूरच्या एका टर्नरकडे देऊन आतून पोलादी नळी बसवून घेतली, नवी रबरं घातली आणि तयार करून ठेवला. तिथेच विषय संपायला हवा होता. पण अध्यक्षांनी एकदा माझं बॉनेट उघडून पाहिलं होतं. ‘‘अजून बिडाचंच? अहो सर, जग ॲल्युमिनियमवर गेलं. हलकं, चकचकीत. परीक्षक बॉनेट उघडतात तेव्हा नजर आधी तिथं जाते.’’

मी मुंबईला गेलो. सुट्या भागांच्या त्या दुकानात मालकाने मला विचारलं, ‘‘डिस्क का ड्रम?’’ चाकात तबकडीला चिमटा घेणारा ब्रेक की डबीत आतून घासणारा, एवढाच प्रश्न होता. आमच्या गाडीला चारही ड्रम. हे मला नक्की माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे त्या माणसाला कळू द्यायचं नव्हतं. डिस्क हा शब्द मला अधिक सुशिक्षित वाटला. मी डिस्क म्हणालो. त्याने चांदीसारखा एक तुकडा काट्यावर ठेवून दाखवला. पाऊण किलोसुद्धा भरला नाही. आमचा बिडाचा दोन किलोंच्या वर होता. गाडी नऊशे किलोंच्या आसपास, मी स्वतः ब्याऐंशी. सव्वा किलो वाचवल्याच्या समाधानात मी परतीच्या बसमध्ये बसलो आणि इगतपुरीला उतरून चार वडे खाल्ले.

मिस्त्रींनी पुडकं उघडलं. आश्चर्य वाटलं की त्यांची बागलाणी बोली बाहेर यायची. ‘‘हाई काय शे?’’

‘‘मास्टर. ॲल्युमिनियमचं.’’

त्यांनी तोंडाशी बोट घालून पाहिलं. ‘‘सर, हे डिस्कचं हाय. ड्रमच्या मास्टरला तोंडाशी बारका वॉल्व्ह असतो. पाय उचलला तरी तो पाइपात थोडं प्रेशर धरून ठेवतो. ह्याच्यात तो नाय. म्हणजे पहिल्या दाबाला पेडल तळाला जाणार, दुसऱ्याला ब्रेक लागणार.’’

‘‘मग दोनदा दाबू.’’

‘‘समोर गाय आली तर तिलाही सांगाल का, दोनदा दाबतोय म्हणून?’’

‘‘वॉल्व्ह वेगळा नाही बसवता येणार?’’

‘‘बसतो म्हणतात बाहेरून. पण रविवार चार दिवसांवर आलाय, आणू कुठून? आपलं बिडाचं तयार हाय की. हात लावून बघा, नव्यासारखं झालंय.’’

मी हात लावला नाही. म्हणालो, ‘‘मिस्त्री, एका दिवसाचा प्रश्न आहे. ताशी वीसच्या वर जायचंच नाहीये. परीक्षण झालं की काढून टाका.’’

मिस्त्रींनी वही काढली आणि सावकाश लिहिलं: ‘डिस्कचा मास्टर मालकाच्या आग्रहाने बसवला. पहिल्या दाबात ब्रेक नाही. दोनदा दाबणे.’ वही माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘‘सही करा.’’ मी हसत सही केली. वर म्हणालो, ‘‘मिस्त्री, लग्नात पण एवढ्या सह्या केल्या नव्हत्या.’’ ते हसले नाहीत.

रविवारी मी फेटा बांधला. होय, मीच. बायको नऊवारी नेसून शेजारी बसली. निघताना आरशात माझ्याकडे बघून ती म्हणाली, ‘‘आता फक्त नारळ द्यायचा राहिलाय तुमच्या हातात.’’ चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडून आम्ही निघालो. दिवसभर मी इमानाने दोनदा पेडल दाबत होतो. सवय इतकी झाली, की परतताना आपण फार काळजीवाहू ड्रायव्हर आहोत असं मला वाटू लागलं.

मैदानात प्रत्येक गाडीने एका उतारावरून मंचासमोर येऊन थांबायचं होतं. पाहुणे बॉनेटवर हार घालणार. मंचाच्या कडेला थर्मोकोलची कमान, कमानीखाली माइक घेऊन अध्यक्ष. आमची पाळी आली तेव्हा माइकवरून ते म्हणाले, ‘‘आणि हे आपले विद्वान प्राध्यापक!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उजवा हात बाहेर काढून हलवला. तो हलवत असताना पेडल एकदा दाबलं.

पेडल तळाला गेलं. दुसऱ्यांदा दाबायचं असतं हे डोक्यात होतं, पण पाय तिथेच रुतून बसला. हँडब्रेक आठवला तो नंतर. गाडी अगदी सावकाश, कोणाला पळायलाही वेळ मिळेल अशा वेगाने कमानीत शिरली. थर्मोकोलचे मोर अध्यक्षांच्या टोपीवर पडले. पाहुणे मंचाच्या दुसऱ्या बाजूने उतरले. आणि एकदम गाडी धक्का खाऊन थांबली.

चाकाशी मिस्त्री वाकलेले होते. त्यांनी चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला होता. ते सकाळपासून तो ठोकळा घेऊन उतारापाशी उभे होते, हे मला नंतर कळलं. ठोकळा आणि टायर यांच्यात त्यांचं बोट सापडलं होतं. ते सोडवून त्यांनी दुसऱ्या मुठीत धरलं होतं.

माइक चालूच होता. ‘‘ब्रेकचं काम कोणी केलं हे?’’ अध्यक्ष ओरडले. सगळ्या मैदानाने ऐकलं.

त्या क्षणाबद्दल मी बराच विचार केला आहे. भीती होती, फेटा होता, टाळ्यांनंतरची शांतता होती. पण यातलं काहीही पुरेसं कारण नाही. मी खिडकीतून बोट दाखवलं. म्हणालो, ‘‘ह्या मिस्त्रींनी. मी सांगितलं होतं, नीट बघून घ्या म्हणून.’’

मिस्त्री उठून उभे राहिले. वही त्यांच्या शर्टाच्या खिशात होती; तिचा लाल कोपरा मला गाडीतून दिसत होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अध्यक्षांना म्हणाले, ‘‘गाडी बाजूला घेतो साहेब.’’

घरी आल्यावर दारात फेट्याची टाचणी काढताना बायको म्हणाली, ‘‘त्यांचं नख निघालं होतं.’’

मंडळाच्या गाड्या मुंबई नाक्याच्या एका गॅरेजकडे गेल्या. मी बैठकीत होतो. ठराव वाचला गेला तेव्हा मी समोरचा चिवडा निवडत होतो.

तीन आठवड्यांनी मी आडगाव नाक्यावर गेलो. मिस्त्री पुन्हा टेम्पोखाली होते. वह्यांची फळी भिंतीवर होती. तिच्यावर त्यांनी ऑइलचे डबे ठेवले होते.

‘‘मिस्त्री, चुकलं माझं.’’

‘‘हं.’’

‘‘वही का नाही काढली तुम्ही?’’

खालून आवाज आला, ‘‘वहिनी बसल्या होत्या गाडीत. आणि वही काय भांडायला ठेवतो का मी? पुढच्या माणसाला कळावं म्हणून ठेवतो.’’

मला वाटलं होतं, ते ‘जाऊ द्या सर’ म्हणतील. माझ्या पांढरपेशा वर्गातल्या माणसाला असं वाटतंच. मी म्हणालो, ‘‘मी मंडळाला पत्र लिहिणार आहे. सगळं खरं सांगतो.’’

ते सरकत बाहेर आले. ‘‘मग लिहा की. लिहिलंत तर बरं होईल.’’

मी लिहिलं. दोन रात्री खपून लिहिलं. दुकानातला डिस्क-ड्रमचा प्रश्न, सव्वा किलो, इगतपुरीचे वडे, मोरांचा वर्षाव. स्वतःला मी जराही सोडलं नाही. बैठकीत ते मोठ्याने वाचलं गेलं. अध्यक्ष डोळे पुसत होते. ‘‘सर, काय लिहिता हो तुम्ही! हे स्मरणिकेत घेऊ.’’ सगळ्यांनी माझ्या मनमोकळेपणाचं कौतुक केलं. ठराव बदलायचं कोणाला सुचलं नाही. मलाही तो विषय काढायचं सुचलं नाही, आणि हे मी मुद्दाम लिहितो आहे.

स्मरणिकेची प्रत मी मिस्त्रींना नेऊन दिली. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्यानेच सगळं वाचलं. मध्ये दोनदा हसलेही. वाचून झाल्यावर पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

‘‘छान लिहिलंय सर. पण माझं काम बरोबर होतं, असं कुठाय ह्याच्यात?’’

मी पान हातात घेतलं. चारशे-पाचशे शब्द होते. ते वाक्य नव्हतं. मिस्त्री होते, एका ठिकाणी ‘माझा भला मिस्त्री’ असे आले होते. त्यांनी नको म्हटलं होतं, तयार ठेवलेला भाग दाखवला होता, लिहून दिलं होतं, यातलं काही नव्हतं. विनोदाच्या ओघात त्याला जागा उरली नव्हती.

दुसरं पत्र मी तीन ओळींचं लिहिलं. भाग मी निवडला. मिस्त्रींनी विरोध केला होता. त्यांचं काम बरोबर होतं. अध्यक्षांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, ‘‘अहो सर, पहिलंच चांगलं होतं.’’ मग मी एकेका सभासदाच्या घरी जायला लागलो. फेटा न बांधता, एकटा. काहींनी चहा दिला. दोघांनी स्मरणिकेवर माझी सही मागितली.

वर्षभराने मंडळातल्या एका डॉक्टरांची गाडी सुरूच होईना, तेव्हा ती मिस्त्रींकडे गेली आणि दोन दिवसांत सुरू झाली. डॉक्टर मला कॉलेज रोडवर भेटले. खूश होते. ‘‘सर, माणूस इंजिनाला एक नंबर आहे. ब्रेकला मात्र मी हात लावू दिला नाही. तुमचं ऐकलंय ना सगळं!’’

मी त्यांना तिथेच, फुटपाथवर, थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. ह्या वेळी वडे गाळले, मोर गाळले. डॉक्टर हसायच्या तयारीत उभे होते. हसायची जागा येत नाही म्हटल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी त्यांचा हात धरून ठेवला आणि बोलत राहिलो.