सायकलची वाट आन फारेष्टचा चर

तवा त्या माळावर कोण कोण हुतं ते आधी सांगते. म्या हुते. आमचे मालक हुते. माझी नणंद हुती, नवरा वारल्यापासनं आमच्यातच राहायची, तोंडानं लई फटकळ. आमच्या टोळीचा मुकादम हुता, गावचाच माणूस. फारेष्टचा गार्ड हुता आन माप घ्यायला आल्याला ओव्हरशेर साहेब. बाकी आमच्या वस्तीवरच्या खणणाऱ्या बाया. त्यातल्या आता दोघी-तिघी उरल्यात. नाव कुणाचंच सांगत न्हाय, सांगून काय करायचंय.

आमची वस्ती जळकोटच्या आतल्या अंगाला, माळावर. मोठी सडक जळकोटाला. तिथं सकाळी दुधाची गाडी यायची. वस्तीवर दूध सोसायटी निघाली तवा दूध न्यायचं काम मालकांना दिलं, कारण सायकल त्यांच्याकडंच. जुनीच हुती, घंटी न्हवती, मडगार न्हवतं. दोन अंगाला दोन कॅन बांधायचे, त्याला ओलं तरट गुंडाळायचे आन उजाडायच्या आत निघायचे.

वाट गायरानातनं जायची. म्हसोबाच्या दगडापासनं खाली उतार, मग पळसाची झाडं, मग कोरडा वढा, आन पलीकडं सडकंपतुर सपाट माळ. ना गाडी, ना माणूस. तितरं उडायची, कधीमधी हरणं दिसायची. मालक म्हणायचे, "ह्या वाटंला पायडल मारावं लागत न्हाय. सायकल आपली आपण जाती, म्या निस्ता बसल्याला असतो." ते काय बोलणारे माणूस न्हवते. पर दूध घालून आले की भाकरी खाताना बोलायचे. आज कोल्हा आडवा गेला, आज पळस फुलला. तेवढंच त्यांचं बोलणं, आन म्या त्याची वाट बघायचे.

एकदा मला बी मागं बसवून बाजाराला नेलं. नणंद दारातनं वरडली, "दादा, सांभाळून, ह्या कॅनला झाकण न्हाय बरं का!" म्या पदर तोंडात धरून हसले. त्या वाटंवर वारा कानात शिरायचा, अजून आठवतंय.

दुसरी वाट आमच्या गावातनं. खडीची, चढाची, दुप्पट लांब. त्या वाटंनं ऊन तापायच्या आत दूध पोचणंच शक्य न्हवतं.

मग पाऊस गेला. बहात्तरचा दुष्काळ आमी बघितला हुता, त्याच्यानंतर काही वरसांनी ह्यो आला. हिरी आटल्या. म्हशी निम्म्यावर आल्या, पर जे दूध निघायचं त्याच्यावरच वस्ती जगत हुती. आमी तहसिलीत जाऊन बसलो, काम द्या म्हणून. लई हेलपाटं घातलं तवा हमीचं काम निघालं. फारेष्टनं गायरान घेतलं हुतं झाडं लावायला. गुरं आत जाऊ नयेत म्हणून त्याच्या भवतीनं खोल चर खांदायचा. काम मिळालं म्हणून आमी खूश. कुठं खांदायचं ते कुणी इचारलं न्हाय.

पैल्या दिवशी गार्डनं फक्कीची रेघ मारली. नणंद कमरंवर हात ठिवून बघत ऱ्हायली.

"वैनी, ही रेघ दादाच्या वाटंवरनं गेलीया."

"जाऊ दे की. सायकल रेघ वलांडून जाईल."

"रेघ वलांडल. चर कसा वलांडल? पंख हैत का तिला?"

तवा माझ्या डोसक्यात उजेड पडला. म्या मुकादमाकडं गेले. त्यो म्हणला, "थांब काकू. आपुन वाटंवर मापाचा ठिवू."

मापाचा म्हंजे असं, की खांदताना मदी थोडी जागा तशीच ठेवत्यात, न खांदता. आधी जमीन किती उंच हुती ते त्याच्यावरनं कळतंय. साहेब येतो, त्याच्यावरनं खोली मोजतो, लिहून घेतो. मग त्यो उंचवटा फोडायचा. मुकादमानं आमच्या टोळीचा मापाचा उंचवटा बरुबर वाटंवर ठिवला, सायकल जाईल एवढा.

गार्ड आला. "ह्यो एवढा रुंद कशाला?"

नणंद म्हणली, "माती भुसभुशीत हाय साहेब. बारका ठिवला तर ढासळल. तुमी उभं राहून बघा पायजे तर, तुमच्या वजनाला टिकला तर कशालाबी टिकंल."

बाया पाटीआड तोंड करून हसल्या. गार्ड बी गालात हसला आन गेला. माणूस वाईट न्हवता त्यो.

चर दोन्ही अंगानं खोल होत गेला. मालक तिथं उतरायचे आन सायकल हातात धरून मदनं न्यायचे, जसं काय पुलावरनं. पलीकडं गेले की टांग मारायचे. म्या पाटी खाली ठिवून ते वढ्यात दिसंनासे होइस्तवर बघायचे.

पर आमाला धान्य मिळायचं ते माप झाल्यावर. आन ओव्हरशेर काय येईना. आज येतो, उद्या येतो. बाया निस्त्या पाण्यावर खांदत हुत्या. एकीचं लेकरू झाडाखाली रडून रडून निपचित पडायचं. ती मला म्हणली, "तुझं बरं हाय बाई. माप न्हाय झालं तरी तुझं दूध जातंय."

आमच्या बी कणगीत काय न्हवतं. पर तिचं खोटं न्हवतं. माप झालं की समद्यांच्या घरात दाणं, आन माप झालं की वाट बंद. म्या सकाळी हात जोडायचे माप होऊ दे म्हणून, आन मालकांची सायकल दिसली की म्हणायचे, आज नको. देवाला तरी माझं काय कळायचं.

आला एकदाचा ओव्हरशेर. टेप धरला, खोली मोजली, लिहिलं. म्हणला, "आता ह्यो उडवा. ह्यो फोडल्याबिगर काम पुरं धरता येत न्हाय, आन धान्य बी न्हाय."

मुकादम म्हणला, "साहेब, हितनं दुधाची सायकल जाती."

"गावातनं सडक हाय की."

बाया उभ्या. कुणी टिकाव उचलंना. नणंदेनं तर टिकाव फेकला आन माझ्याकडं पाठ करून बसली. ती लेकरूवाली बाई बी उचलंना, आन तिनं उचलला असता तर म्या तिला काय म्हणले नसते. समद्या माझ्याकडं बघत हुत्या. ऊन वर आलतं. साहेबाची जीप सुरूच हुती.

तेवढ्यात पलीकडनं मालक आले, रिकामे कॅन वाजवत. उतरले. समद्यांच्या तोंडाकडं बघितलं, टेपाकडं बघितलं. कुणी सांगायची गरजच न्हवती. सायकल मदनं आणली, वस्तीच्या अंगाला बाभळीला टेकवली.

साहेब म्हणला, "सडक हाय ना गावातनं?"

मालक म्हणले, "व्हय साहेब. हाय."

मग त्येंनीच नणंदेनं टाकल्याला टिकाव उचलला. "सरका गं. तुमच्या हातनं सांज हुईल."

त्येंनी खांदलं आन म्या पाट्या वाहिल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला न्हाय.

धान्य मिळालं. त्या दिवशी समद्या वस्तीवर चुली पेटल्या, ती लेकरूवाली माझ्या पाया पडाय लागली. म्या तिला उठवलं. दुसऱ्या दिवसापासनं मालक गावातनं जाऊ लागले. अंधारातच निघायचे, पर चढाला सायकल ढकलावी लागायची, खडीवर कॅन घुसळायचे. तरटावर वतायला पाणी तरी कुठनं आणायचं? गाडीवाला झाकण काढून वास घ्यायचा, म्हणायचा, "नासलं." तिथंच सडकंवर वतायचा.

वस्तीची माणसं आधी म्हणली, तुमी काय करणार. मग म्हणू लागली, आमचं दूध वतून येतूया. मग कुणी दूध देईनासं झालं. चारा न्हवताच, म्हशी बाजारात गेल्या. सोसायटीच्या खोलीला कुलूप लागलं, ते पुन्यांदा कुणी काढलं न्हाय.

आन ज्याच्यासाठी चर खांदला ती झाडं? लावली खरी. पाणी कुणी घातलं न्हाय. पुढच्याच उन्हाळ्यात काड्या झाल्या. नणंदेनं गार्डला इचारलं तर त्यो म्हणला, "चराचा हुकूम आलता, झाडांचा आलता. पाण्याचा न्हाय आला." म्हंजे आत झाडं न्हाईत, भाईर म्हशी न्हाईत. मदी चर तेवढा ऱ्हायला.

मालक ऊस तोडायला गेले, तिथं कमरंत भरलं, परत आले. पुढं बसूनच असायचे. भाकरी वाढताना म्या इचारायचे, आज काय दिसलं. ते म्हणायचे, "काय दिसणार." काही वरसांनी म्या इचारायचंच सोडलं. ते गेले तवा बी काय बोलले न्हाईत. दुसरं कोणी असतं तर शिव्या तरी दिल्या असत्या, रडलं असतं. त्येंनी ते बी केलं न्हाय. त्याचंच मला जास्ती वाटतंय.

आता त्या रानात बाभळी आपसूक उगवल्यात, मोर बी आल्यात. सुट्टीच्या दिवशी शहरातली पोरं-पोरी डोसक्यावर टोपडं घालून सायकली फिरवायला येत्यात. म्हणत्यात, हितं लई शांत हाय आज्जी. माझ्याकडं पाणी पित्यात. त्यातल्याच एका पोरीनं इचारलं म्हणून ह्ये बोलले, तिनं लिहून घेतलं.

ही पोरं चरावर एक लांब फळी टाकून सायकली पलीकडं नेत्यात, आन जाताना फळी वढून झुडपात लपवून ठेवत्यात, कुणी नेऊ नये म्हणून. ह्ये वाचणाऱ्याला माझं एवढंच म्हणणं हाय: फळी काढू नका. वस्तीवरच्या बाया अजून जळकोटाला कामाला जात्यात, गावातनं वळसा घालून. ती तशीच चरावर ऱ्हाऊ द्या.